चादरीखालचे पाच सेट

देवनहळ्ळीहून बेळ्ळंदूरला भावाकडे यायला प्रतिमाला अडीच तास लागले आणि ते अडीचही तास ती वडिलांशी, अण्णांशी, भांडत होती. मनातल्या मनात. मध्येच हात उडायचा, मान झटकली जायची, आणि टॅक्सीवाला आरशातून एकदा बघून परत रस्त्याकडे वळायचा. खंडेनवमी होती. बसच्या तोंडाला केळीचे खुंट बांधलेले, काचांवर कुंकवाचे पट्टे, चौकाचौकात फोडलेल्या कोहळ्यांचा लाल लगदा. एरवी हा सण तिला आवडायचा. आज तिला फक्त एक गोष्ट हवी होती आणि ती एक्केचाळीस वर्षांपूर्वी हातातून गेली होती.

चौदाव्या मजल्यावर भावजयीने दार उघडलं.

"ताई, आलात! बरं झालं. सकाळपासून इथे टोटल ड्रामा चाललाय." केतकीने आवाज खाली घेतला. "सुहास काचेच्या कपाटाची किल्लीच देत नाहीये. म्हणतो, शिसवी सेट माझा आहे, तो चादरीखाली जाणार नाही. ईराने बाकीच्या चारांतून घ्यावा."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी विचारलं, लास्ट कधी खेळलास त्याच्याशी? तर तोंडात मिठाची गुळणी."

पंधरा वर्षांत पहिल्यांदाच प्रतिमाला ही पुण्याची पोरगी आवडली. आपल्याला ती गावंढळ समजते, आपल्या मराठीतली कन्नड वेचून मैत्रिणींना सांगते, अशी प्रतिमाची पक्की समजूत होती. कदाचित ती खरीही असेल. पण आज दोघींचं माप एकच निघालं होतं.

तारळेकरांच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची आणि हत्यारं म्हणजे दोनच. अण्णांची मोजमापाची उपकरणं, आणि बुद्धिबळाचे लाकडी सेट. अण्णांनी, म्हणजे हरी तारळेकरांनी, कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यात तेहतीस वर्षं काढली. समोर येईल तो भाग मोजायचा आणि पास की नापास एवढंच सांगायचं, हे त्यांचं काम, आणि घरी येऊनही तो माणूस कामावरून उतरायचा नाही. पोळी गोल नाही, नापास. जावयाचं अक्षर, नापास. पण बुद्धिबळाच्या बाबतीत मात्र त्यांनी स्वतःची एक रीत काढली होती. घरातलं मूल बारा वर्षांचं झालं की त्या वर्षीच्या खंडेनवमीला सगळे सेट जमिनीवर मांडायचे, वर चादर घालायची, आणि मुलाने चादरीखाली हात घालून एक निवडायचा. बघायचं नाही. "डोळा पॉलिशला भुलतो, बोट भुलत नाही," हे अण्णांचं वाक्य. निवडला तो सेट त्या मुलाचा. जन्मभर.

आज ईराची पाळी होती. सुहासची मुलगी. बुद्धिबळ तिला आत्यानेच शिकवलं होतं, फोनवरून, दर शनिवारी.

सुहास सोफ्यावर बसला होता, मूठ घट्ट मिटून. पन्नास वर्षांचा, तीनशे लोकांचा मॅनेजर, आणि मुठीत कपाटाची किल्ली.

"अक्का, आल्या आल्या सुरू करू नकोस."

"मी अजून चप्पलही काढली नाहीये."

"तुझं तोंड बघूनच कळतं. सुम्ने उगीच वाद नको घालूस. मला दिलेला सेट आहे तो. एकदा दिलेलं परत घेतात का?"

"परत कोण घेतंय? नियम काय आहे? सगळे सेट चादरीखाली. तुझ्या वेळी सगळे होते, माझ्या वेळी सगळे होते. मग हिच्या वेळी एक काचेत का?"

"कारण मी पहिल्या फटक्यात उचलला होता तो. सगळ्या घराला माहीत आहे."

प्रतिमाने जीभ दाताखाली धरली. सगळ्या घराला माहीत होतं खरं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला अण्णा ती गोष्ट सांगायचे. सुहासने हात घातला काय आणि शिसवी उचलला काय! लोक कौतुकाने माना डोलवायचे. प्रतिमा वाढायला उठायची. तिला तेव्हा बसवायचं नाही आणि आत्ताही बसवत नव्हतं. ती बाल्कनीत गेली, खाली रिंग रोडवर न हलणाऱ्या गाड्या बघितल्या, आत आली, पाणी प्यायली, परत बाल्कनीत गेली.

"ताई, बसा ना जरा," केतकी म्हणाली.

"बसले होते की टॅक्सीत."

आतल्या खोलीतून अण्णा आले. एक्क्याऐंशी वर्षांचे, पांढरा पंचा, पाठ अजून ताठ. के. आर. पुरमचं घर सोडून मुलाकडे राहायला येऊन चार महिने झाले होते, पण हॉलमध्ये ते अजून पाहुण्यासारखे उभे राहायचे आणि मालकासारखे बोलायचे.

"आवाज केवढा! सुहास, किल्ली दे तिला."

सुहासने वर बघितलं. "अण्णा, तुम्हीच..."

"दे म्हणतो ना. सेट मांडू दे. तो जड आहे. प्रत्येक सोंगटीच्या बुडात शिसं भरलंय. बारा वर्षांच्या हाताला तो पेलत नाही, पोरगी तो उचलणारच नाही. तू उगीच घाबरतोस."

प्रतिमाने ते ऐकलं. म्हणजे तिच्या वेळीही हाच हिशेब होता. उदार म्हणून नव्हता मांडला आवडता सेट पोरीसमोर. ती उचलणारच नाही, या खात्रीने मांडला होता.

किल्ली मिळाली. कपाट उघडलं. प्रतिमाने पेटी स्वतः बाहेर काढली आणि झाकण उघडून एक काळा घोडा तळहातावर घेतला. बुद्धिबळाचा सेट कसा ओळखायचा, तर घोड्यावरून. राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादी, हे सगळं यंत्रावर फिरवून निघतं. घोडा तेवढा कुणीतरी बसून, पटाशीने, हाताने कोरलेला असतो. ह्या घोड्याचे कान मागे पडलेले. नाकपुड्या फुगलेल्या. दात दिसतील एवढंच तोंड उघडं. आयाळीचे वार एकाही जागी दोनदा मारलेले नाहीत. आणि वजन असं, की पटावर ठेवला की आवाज येत नाही, फक्त तो बसतो. कोण होता तो कारागीर, कुणास ठाऊक. अण्णांनी त्याचं नाव कधी विचारलं नसणार. त्यांना पास झालेल्या मालाशी मतलब.

तिने पेटी इतर चारांच्या ओळीत मांडली आणि बाकीच्यांसारख्याच तिच्याही सोंगट्या पुढ्यात उभ्या केल्या. एक सागवानी, फुगलेल्या हत्तींचा. एक प्रवासाचा, खुंट्यांचा. एक हळदूच्या पिवळ्या लाकडाचा. आणि टोकाला चन्नपट्टणचा, लाखेचा रंग दिलेला, हलका, खेळण्यासारखा. तो प्रतिमाचा. लग्नात तिने तो सासरी नेला नव्हता आणि कुणी विचारलंही नव्हतं का म्हणून.

केतकीने उदबत्ती लावली, पाच पेट्यांना हळदकुंकू वाहिलं, वर पांढरी चादर पसरली. ईरा खोलीतून आली. दातांना तारा, पायात मोजे, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्याचा भाव. तिने आत्याकडे बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली.

कारण आत्याने तिला सांगून ठेवलं होतं. मागच्या शनिवारी, फोनवर, दार लावून घ्यायला सांगून. "वजिराचं बूड चाचपायचं. एकाची बनात, म्हणजे बुडाला चिकटवलेलं कापड, कडेला सुटलेली आहे, नखाला लागते. तोच सेट. तोच घ्यायचा, ईरा. कळलं? कुणाला बोलायचं नाही." त्रेपन्न वर्षांची बाई, शाळेत गणित शिकवणारी, कॉपी पकडणारी, भाचीला कॉपी पुरवत होती. लाज वाटली होती का? वाटली होती. पण रागापुढे लाजेचं कधी काही चाललंय?

"घाल हात," अण्णा म्हणाले. "आधी घोडा धरायचा. मग वजीर. मग प्यादं. घाई नाही."

चादरीखाली हाताचा उंचवटा सरकू लागला. पहिली पेटी. दुसरी. सुहास गुडघा हलवत होता. केतकीने मोबाइल काढला, अण्णांनी बघितलं, तिने परत ठेवला. तिसरी पेटी शिसवीची होती. उंचवटा थांबला. बराच वेळ थांबला. चादर जराशी वर उचलली गेली, वजीर उभा होता तिथे, आणि प्रतिमाला दिसलं की पोरीचा अंगठा बुडाखाली जातोय. कडेला. थांबलाय. सापडली बनात. 

उंचवटा पुढे सरकला.

चौथी पेटी. पाचवी. पाचवीत हात राहिला, तिथेच खेळला, आणि ईरा हसली.

"हा."

अण्णांनी चादर उचलली. चन्नपट्टणचा सेट. ईराच्या मुठीत तांबडा घोडा होता, गोल मानेचा, लाखेने गुळगुळीत, ओठ वर उचललेले.

"आजोबा, हा हसतोय. मला बोटाला कळलं, हा हसतोय."

"सरी! बरोबर!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "बघा. म्हणालो होतो की नाही? जड आहे तो. सुहास, ठेव बाबा तुझा सेट परत कपाटात."

"थांब." प्रतिमा खाली बसली, ईराच्या समोर, गुडघ्यावर. "घाई केलीस तू. नीट नाही बघितलंस. चादर घाला परत. परत हात घाल."

"पण आत्या, मी निवडला."

"परत बघ म्हणते ना!" आणि तिने पोरीचं मनगट धरलं.

ईराने हात सोडवला नाही. तिने फक्त मनगटाकडे बघितलं आणि मग आत्याकडे.

"आत्या, तो मला कळला होता. बनात लागली नखाला. मुद्दाम सोडला. त्याच्या घोड्याची मान टोचते. आणि तो... म्हणजे, तो तुझा आहे. तुला पाहिजे आहे. मला नकोय."

मग सुहास उठला.

"बनात? तू हिला आधीच सांगून ठेवलंस, अक्का? माझ्या मुलीला फोनवरून खोटं खेळायला शिकवलंस? आणि वर नियम, नियम!"

"वॉव, ताई," केतकी हळूच म्हणाली, आणि दोन पावलं मागे, नवऱ्याच्या बाजूला सरकली. दारात झालेली युती संपली.

अण्णा हसत होते. खांदे हलवून, दात नसलेल्या जागा दाखवत. "हात दाखवून अवलक्षण! प्रतिमा, अगं पन्नाशी उलटली तुझी."

ते हसणं नसतं तर कदाचित ती गप्प बसली असती. पर्स उचलली असती आणि गेली असती, आजवर गेली तशी.

"हसू नका," ती म्हणाली. "अण्णा, हसू नका. सांगा सगळ्यांना. मी काय उचलला होता? त्र्याऐंशी साली, के. आर. पुरमच्या क्वार्टरमध्ये, चादरीखाली हात घालून मी काय उचलला होता?"

एक्केचाळीस वर्षं तिने पुरावे गोळा करून ठेवले होते. आई जिवंत असताना काय म्हणाली होती, कुठल्या साडीत होती, चादरीला कुठे ठिगळ होतं. नाही म्हणाले की एकेक बाहेर काढायचं.

"शिसवी," अण्णा म्हणाले.

तिच्याकडे कबुलीवर काहीच नव्हतं.

"पहिल्यांदा शिसवी. मी म्हटलं परत बघ. दुसऱ्यांदाही शिसवी. तिसऱ्यांदा तू हलका उचललास."

"तिसऱ्यांदा तुम्ही माझं मनगट धरलं होतं."

"धरलं होतं." अण्णांनी नजर चुकवली नाही. नापास माल नापास म्हणताना त्यांनी ती कधीच चुकवली नव्हती. "मला वाटलं नव्हतं गं तू तो उचलशील. एवढासा हात तुझा."

"मग मी?" सुहास म्हणाला. "मी पहिल्या फटक्यात उचलला, ती गोष्ट?"

"तू कुठे उचललास? तू बॅट घेऊन दारात उभा होतास, पोरं खाली बोलावत होती. मीच पेटी तुझ्या हातात दिली. म्हटलं, घे, हा तुझा."

सुहास परत सोफ्यावर बसला. "मला आठवत होतं तसं," तो म्हणाला. "बॅट आठवत होती. पण तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

केतकी आता मधे उभी होती, दोघांच्याही नव्हे. "म्हणजे मुलगा म्हणून दिलात. सरळ सांगा ना, अण्णा. मुलीला नाही, मुलाला."

"छे!" अण्णा खरोखरच दुखावले. "मी असला माणूस वाटलो तुला? मुलगा-मुलगी मी कधी केलं नाही. हिला दोन वह्या जास्तच घेतल्या असतील. सेटची गोष्ट वेगळी. ही खेळली असती. रोज खेळली असती, लग्न करून घेऊन गेली असती, कुणाकुणाच्या पोरांच्या हातात दिला असता. एखादा घोडा हरवला असता. हा हात लावणार नाही, हे मला ठाऊक होतं. बुद्धिबळात याला गती नाही, आवडही नाही. याला दिला म्हणजे माझ्याचकडे राहिला. अडतीस वर्षं राहिला की नाही? एक कानसुद्धा तुटला नाही."

त्यांनी हे समजावणीच्या सुरात सांगितलं. आता तरी पटेल, अशा अपेक्षेने.

मुलगा म्हणून दिला असता तर प्रतिमाला निदान जगाच्या नावाने बोटं मोडता आली असती. चार बायकांत बसून सांगता आलं असतं, त्यांनीही आपापलं सांगितलं असतं. पण हे काय? हा माणूस एका लाकडाच्या पेटीवर जीव लावून बसला आणि ती टिकावी म्हणून पोटच्या दोन पोरांचं माप काढलं. एक खेळेल, म्हणून नापास. दुसरा खेळणार नाही, म्हणून पास. आणि तिने काय केलं होतं? आत्ता, दोन मिनिटांपूर्वी? तिने ईराच्या मनगटाकडे बघितलं. तिथे तिच्या बोटांचे तांबूस वळ अजून होते.

"ईरा," ती म्हणाली, "तुझा सेट चांगला आहे. मी त्याच्याकडे कधी बघितलंच नाही. चुकलं माझं."

"इट्स ओके, आत्या." ईरा आधीच प्यादी मांडत होती.

सुहास उठला तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याने शिसवी सेटच्या सोंगट्या एकेक करून पेटीत ठेवल्या, प्रत्येकीला तिच्या खाचेत, झाकण लावलं, आकडा अडकवला, आणि पेटी बहिणीच्या हातात दिली.

"घे, अक्का."

"सुहास!" अण्णा ओरडले.

"माझाच आहे ना? तुम्हीच दिलात ना? मग मी कुणालाही देईन. काचेत ठेवायला मी चांगला, एवढंच ना अण्णा? शोकेसला 'हा माझा सेट' म्हणता येत नाही, म्हणून मी." तीनशे लोकांचा मॅनेजर स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. केतकी त्याच्यामागे गेली.

प्रतिमाने पेटी छातीशी धरली. जड होती. शिसं होतं की. तिला वाटलं होतं, ही हातात आली की आतलं काहीतरी शांत होईल. झालं नाही. पाय तसेच दाराकडे ओढत होते. तिने पर्स खांद्याला लावली आणि टॅक्सी बोलावली.

"प्रतिमा." अण्णा तिच्यामागे दारापर्यंत आले. "उद्या दसऱ्याला आणशील ना इकडे? एक डाव टाकू."

"नाही."

"मग दिवाळीला?"

"नाही आणणार. मी खेळणार आहे त्याच्याशी. रोज. माझ्या शाळेतली पोरं येतात संध्याकाळी, त्यांच्या हातात देणार आहे. तेल लागेल, पडेल, कान तुटतील. लाकूड आहे ते."

अण्णांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. ते वळले.

"केतकी! माझ्या गोळ्या भर डब्यात. आठवड्याच्या."

केतकी ओल्या हातांनी बाहेर आली. "कशाला, अण्णा? कुठे?"

"देवनहळ्ळीला. हिच्याकडे."

"अण्णा," आतून सुहासचा आवाज आला, "चार महिने मी म्हणतोय, खाली बागेत तरी चला. तर गुडघा दुखतो."

"तो दुखतोच," अण्णा म्हणाले आणि चपला शोधू लागले.

प्रतिमाने घर बांधून अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत अण्णा तिच्याकडे एक रात्र राहिले नव्हते. विमानांचा आवाज होतो म्हणे. श्रीकांतने, तिच्या नवऱ्याने, त्यांच्यासाठी म्हणून खालची खोली काढली होती, कमोड बसवला होता, आणि त्या खोलीत आता कांदे-बटाटे होते. आणि आज हा माणूस एका चपलेत पाय घालून, दुसरी पायाने ओढत, तिच्याबरोबर निघाला होता. कुणासाठी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्यासाठी नव्हे.

तिला नाही म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"दुसरी चप्पल शू-रॅकखाली आहे," ती म्हणाली.

दोघं लिफ्टने उतरली. खाली ड्रायव्हर मागचं दार उघडून उभा होता. प्रतिमा आत सरकली, पेटी मांडीवर. अण्णा कण्हत तिच्या शेजारी बसले, दार ओढलं, आणि दोन्ही हात पुढे केले.

"आण इकडे. मी धरतो. रस्ता खड्ड्यांचा, तुला पर्स-बिर्स सांभाळायचीये."

प्रतिमाने खांद्यावरची पर्स काढली आणि त्या दोन हातांवर ठेवली.

"धरा," ती म्हणाली.

अण्णांनी पेटीकडे बघितलं. मग पर्सकडे. टॅक्सी गेटबाहेर निघून रिंग रोडच्या गर्दीत अडकली तेव्हाही ते पर्स धरून बसले होते, दोन्ही हातांनी, नीट.